डोकेदुखीचा केसपेपर

“सर्टिफिकेट काढायचं आन् सुटायचं. हाय काय तेच्यात?” छाया असं म्हणाली आणि भिंतीपलीकडे शेवग्याच्या शेंगा पाडणाऱ्या नाझरकाकूंची आकडी वरच थांबली.

बातमी गिरणीवरची होती. दळण टाकून थांबलेल्या बायांत कुणीतरी सांगितलं होतं, की हल्ली खून केला तरी काही होत नाही. वकील पैसे घेऊन येडाचा दाखला मिळवून देतो आणि माणूस आठ दिवसांत घरी. गिरणीवरच्या बातमीला साक्षीदार लागत नाही, पट्टा फिरत असला की पुरे.

अंबाजोगाईत आमच्या मागच्या अंगाला घरांच्या भिंती एका कोपऱ्यात मिळतात. एका अंगाला नाझरकाकू. त्यांचे यजमान इथल्याच कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले, पण ते निवृत्त झाल्याचं अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. दुसऱ्या अंगाला सिस्टर. ‘स्वाराती’त, म्हणजे गावाच्या बोलीत ‘मेडिकल’ला, त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं मनोविकारांच्या वॉर्डात काढली. छाया ही तिसऱ्या घरातली सून. आणि मी, वाळवणाच्या निमित्तानं ऐकत बसणारी.

“कोण सुटलं? केस नंबर काय?” बाजेवरून नाझरसाहेबांनी विचारलं.

“घ्या! ह्यांना नंबरच पाहिजे,” काकू म्हणाल्या. “आवो, लोक म्हणायलेत ते सांगायलीय ती.”

“लोकांना काय. दाखल्यानं कुणी सुटत नसतं. पूर्वी कलम 84 होतं, इंडियन पिनल कोडचं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तेच कलम 22 झालं. नंबर बदलला, मजकूर जवळपास तोच. माणूस येडा आहे का, हे कोर्ट विचारतच नाही. ज्या घटकेला त्यानं ते केलं, त्या घटकेला आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? किंवा हे चूक आहे, कायद्याच्या विरुद्ध आहे, एवढं तरी कळत होतं का? मनाच्या बिघाडामुळं ते कळायची ताकदच नव्हती, असं दिसलं तरच तो सुटतो. डॉक्टर म्हणतो तो आजार वेगळा आणि कोर्ट म्हणतं तो वेगळा.”

“मंग डॉक्टरचं कशाला पाहिजे?” छाया.

“बरोबर विचारलीस,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्याकडं औषध घेऊन नोकरी करणारे किती पेशंट होते. आजार मोठा, पण व्यवहार सगळा कळतो. उद्या त्यानं भांडणात कुणाचं डोकं फोडलं, तर नुसत्या आजाराच्या नावावर त्याला माफी नाही. आणि एक सांगते, हे पेशंट मारतात त्यापेक्षा मार जास्त खातात. घरच्यांचाही, गावचाही.”

काकूंनी दोन शेंगा छायाच्या ओट्यावर टाकल्या. “आन् त्यो एसटीवाला? पुण्याचा? त्येनं तर किती माणसं चिरडली. तेच्या वकिलानं येडच सांगितलं हुतं की.”

ती 25 जानेवारी 2012ची सकाळ मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. पुण्याला गेलेल्या पोरांना घरोघरी फोन लागले होते. स्वारगेट आगारातून संतोष माने नावाच्या, सोलापूर जिल्ह्यातल्या एसटी चालकानं दुसरीच बस बाहेर काढली आणि भर रस्त्यात दिसेल त्याला उडवत सुटला. 9 माणसं गेली, तीसपेक्षा जास्त जखमी झाली. आदल्या रात्री त्यानं ड्युटी बदलून मागितली होती, ती मिळाली नव्हती.

“सांगितलं होतं ना,” नाझरसाहेब उठून बसले. “बचाव वेडाचाच होता. आधी त्याच्यावर इलाज केला म्हणणाऱ्या डॉक्टरची साक्षसुद्धा झाली. कोर्टाला पटली नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयानं 2013ला फाशी दिली. हायकोर्टानं खटला परत पाठवला, का तर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नव्हतं. परत ऐकलं, परत फाशी. 2014ला हायकोर्टानं ती कायम केली. मग जानेवारी 2019मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची जन्मठेप केली. ह्याच्यात सुटला कुठं? नऊ माणसं गेलेली, सगळा देश बघतोय, तरी दाखल्यानं भागलं नाही. आणि तुझ्या गिरणीवर आठ दिवसांत सोडायलेत!”

“मंग सुटतच नाही का कुणी?”

“सुटतो. पण कसा, ते ऐक.”

आता नाझरसाहेब रंगात आले. (त्यांना निकालपत्रं गोष्टीसारखी पाठ आहेत, घरातल्या वाढदिवसांच्या तारखा मात्र काकूंनाच सांगाव्या लागतात.) त्यांनी श्रीकांत भोसले खटला काढला. आपल्याच महाराष्ट्रातला पोलीस शिपाई. एप्रिल 1994. नवराबायकोत बोलाचाली झाली. त्याला पोलिसाची नोकरी सोडायची होती, बायको नको म्हणत होती. ती न्हाणीत कपडे धूत असताना त्यानं वाटायचा दगड तिच्या डोक्यात घातला. दिवसाउजेडी. पळाला नाही, लपला नाही. सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली, हायकोर्टानं ती उचलून धरली. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2002मध्ये त्याला निर्दोष सोडलं.

“आगं माय माय!” काकूंनी आकडी खालीच ठेवली. “बायको मारली आन् सोडला?”

“का सोडला ते बघ. त्याच्या बापाला मानसिक आजार होता. त्याला स्वतःला घटनेच्या आधीपासून इलाज चालू होता, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. अटकेनंतर जून ते डिसेंबर 1994 एवढ्या काळात त्याला 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागलं. आधीचे कागद, नंतरचे कागद, आणि मधे खून. खुनाला कारण म्हणावं तर अगदीच किरकोळ. कोर्ट तीन गोष्टी जुळवतं. आधी कसा होता, करताना कसा वागला आणि केल्यावर काय केलं. हत्यार लपवलं, रक्त धुतलं, परगावी पळाला, तर समज होती. इथं दोन्ही बाजूंनी कागद होते, म्हणून मधली ती घटका कोर्टाला दिसली.”

“संशयी आजार असतो तो,” सिस्टर छायाला समजावू लागल्या. “माणूस वरून चांगला दिसतो. जेवतो, ड्युटीवर जातो, हिशेब बरोबर सांगतो. आत मात्र त्याला पक्कं वाटत असतं की बायको जेवणात काहीतरी कालवतेय, शेजारी पाळत ठेवतायत. कानात आवाज येतात. ते खोटे आहेत हे त्याला पटवता येत नाही. म्हणून तर गावाला वाटतं, हा नाटक करतोय.”

“नाटक करणारेबी असतेत की.”

“असतात. चार तास बसवलं की दमतात,” सिस्टर हसल्या. “येडाचं सोंग लोक सिनेमातून शिकतात. कपडे फाडायचे, ओरडायचं. खरा आजारी बऱ्याचदा गप्प असतो. झोप नाही, आंघोळ नाही, भिंतीकडं तोंड. कोर्टानं पाठवलेल्या आरोपीला डॉक्टर एका भेटीत निकाल देत नाहीत, दिवसेंदिवस वॉर्डात ठेवून बघतात. रात्री बघतात. नोंदी नर्सच्या वहीत असतात, आणि त्या नोंदी साक्षीला येतात.”

इथं काकूंनी तो प्रश्न विचारलाच, जो बीड जिल्ह्यात कुठल्याही भिंतीवर कधीतरी निघतोच. “दारू पिऊन केलं तर?”

“स्वतःच्या हातानं पिला तर काही उपयोग नाही. कलम 23, 24. कुणी फसवून, जबरदस्तीनं पाजली तर गोष्ट निराळी.”

“चांगलंय. नाही तर आपल्या गल्लीतले निम्मे मोकळे सुटले असते.”

“आन् देवी आंगात आली तर?” छायानं आवाज खाली आणत विचारलं. योगेश्वरीच्या गावात हा प्रश्न थट्टेत निघत नाही.

नाझरसाहेब जरा थांबले. “अंगात येणं हे नुसतं म्हणून चालत नाही. पण कलकत्त्याचा एक जुना निकाल आहे, 1949चा. एका माणसाला स्वप्नात आज्ञा झाली की पोराचा बळी दे. पोटचं पाच वर्षांचं लेकरू. त्यानं दिला. कोर्टानं पाहिलं, की आपण करतोय ते चूक आहे, हे कळण्याच्या पलीकडे तो गेला होता. सोडलं त्याला. पण ह्याच्या उलट, पैशासाठी, गुप्तधनासाठी बळी देतो, तिथं वेडबीड काही नसतं. तो पुरता शहाणा असतो.”

मग त्यांनी विलायतेतला मूळपुरुषही काढला. 1843मध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या लाकूडकामगारानं लंडनमध्ये पंतप्रधानांच्या चिटणिसाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या मागावर आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ज्युरीनं त्याला सोडलं, राणी व्हिक्टोरिया चिडली, न्यायाधीशांना नियम सांगायला लावले, आणि त्याच नियमांची छाया आपल्या 1860च्या कायद्यावर पडली.

“आन् त्यो घरी गेला?” काकू.

“कसला घरी जातोय. 1865ला मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळातच.”

“आपल्याकडं तरी कुठं घरी जातो?” सिस्टर म्हणाल्या. “सुटला म्हणजे काय, ते सांगा ना तिला.”

गिरणीवरच्या बायांना हेच माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर वर्तमानपत्रांतसुद्धा हे कधी नीट छापून येत नाही. वेडाच्या कारणावरून निर्दोष सोडताना कोर्टाला निकालात लिहावंच लागतं, की कृत्य यानंच केलं की नाही. केलं असेल तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, म्हणजे मनोरुग्णालय वगैरे, किंवा नातेवाइकांनी जामीन, हमी दिली तर त्यांच्या हवाली करायचं. आता हमी द्यायची कुणी? बायको मेलेली, सासरचे शत्रू, भाऊबंद हात झटकून मोकळे. राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. एकट्या येरवड्यात अडीच हजारांवर खाटा. न्यायला कुणी येत नाही म्हणून राहिलेली माणसं सिस्टरांनी ट्रेनिंगच्या वेळी तिथं पाहिली होती. एका म्हाताऱ्याला गावाचं नाव पाठ होतं, तालुका पाठ होता, सरपंच मात्र चार निवडणुकांपूर्वीचा.

“आणि खटल्याच्या वेळीच आरोपी येडा असला तर?” मी विचारलं. एवढ्या वेळात पापड उलटून झाले होते.

“ते अजून निराळं,” नाझरसाहेबांनी बोट वर केलं. “खुनाच्या वेळी येडा होता का, हा एक प्रश्न. आज कोर्टात उभं राहून स्वतःचा बचाव करण्याइतका शुद्धीवर आहे का, हा दुसरा. नसला तर खटला थांबतो. सिव्हिल सर्जनकडं, मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवायचं, इलाज करायचा, बरा झाला की परत चालवायचा. मी तारखांवर तारखा पडलेल्या पाहिल्यात. आणि तिसरी पायरी फाशी झाल्यानंतरची. एप्रिल 2019मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण शिक्षेनंतर तुरुंगात त्याला गंभीर मानसिक आजार जडला होता. निकालात त्याचं नावच नाही. ‘आरोपी एक्स’. 2017चा मानसिक आरोग्य कायदा आहे ना, त्यात रुग्णाची गोष्ट उघड करायची नाही.”

“बघा, काकू,” सिस्टर म्हणाल्या.

“माझ्याकडं कामून बघता? मी कुणाचं उघड केलं?”

कुणी उत्तर दिलं नाही.

छाया मात्र अजून पुराव्यातच अडकली होती. “पण मला सांगा, हे सिद्ध करायचं कुणी? पोलिसांनी का घरच्यांनी?”

“आरोपीनं. कायदा आधी माणूस शहाणाच धरतो. पण सरकारला जितकं पक्कं सिद्ध करावं लागतं, तितकं त्याला नाही. दिवाणी दाव्यासारखं, पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरे. 1964चा ठक्कर निकाल आहे, गुजरातचा, अजून तोच चालतो. आणि 2018ला देविदास लोका राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, त्यात सुप्रीम कोर्टानं पोलिसांनाही सुनावलं. आरोपीला पूर्वी मानसिक आजाराचा इलाज चालू होता हे दिसत असताना, प्रामाणिक तपास करणाऱ्यानं त्याची लगेच वैद्यकीय तपासणी करून घ्यायलाच पाहिजे. ती केली नाही, तर संशयाचा फायदा आरोपीला. सुटला तो राठोड. पण तिथंसुद्धा काय होतं? आधीच्या इलाजाचे कागद होते.”

“कागद, कागद,” सिस्टर एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा चढला होता. “कागद ठेवतंय कोण? नाझरसाहेब, तुम्ही निकाल वाचलेत, मी केसपेपर पाहिलेत. ओपीडीत लेकीला घेऊन बाप येतो. लेक रात्र रात्र झोपत नाही, एकटी बोलते. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहितात. बाप माझ्यामागं व्हरांड्यात येतो. ‘सिस्टर, तेवढं आजाराचं नाव लिहू नका. डोकेदुखी लिहा. लग्नाचं बघायलोय.’ मी म्हणायची, लिहिणारी मी नाही, डॉक्टर आहेत. मग काही लोक पायरीवरच कागद फाडायचे. गोळ्यांची पाकिटं बदलायचे. लग्न झालं की गोळ्या बंद, कारण सासरी कशाच्या गोळ्या म्हणून सांगायच्या? आणि त्याच्याही आधी सहा महिने देवऋषी झालेला असतो. लिंबू झाले, अंगारा झाला, मिरच्यांची धुरी झाली. 2013च्या जादूटोण्याच्या कायद्यानं भूत उतरवायला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा केलाय, तरी अंगावर डाग घेऊन पेशंट यायचे. आता मला सांगा, उद्या काही घडलं, तर कोर्टात काय दाखवणार? अंगाऱ्याची पुडी?”

“देवऋष्याची साक्ष?” नाझरसाहेब पुटपुटले. “उलटतपासणीत पाच मिनिटं टिकायचा नाही.”

“आणि कोयत्यावर जाणारे तर विचारूच नका. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की पेशंट टोळीबरोबर. उचल घेतलेली असते, मागं ठेवायचं कुणाच्या जिवावर? दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायचो. त्या संपल्या की कारखान्याच्या गावातला कुणीतरी झोपेचं औषध देतो. एक कागद सांगलीकडचा, एक कर्नाटकातला कानडीतला, एक आमचा. हातात ऊस तोडायचा कोयता आहे, डोक्यात आवाज आहेत, गोळी नाही. हंगामातून माणसं परत यायची, तेव्हा मी आधी विचारायची, भांडणं किती झाली? ते म्हणायचे, ‘लई तापट झालाय.’ तापट! त्या एका शब्दाखाली अख्खा आजार झाकलेला असतो.”

सिस्टरांचं मला पटतं, आणि पुढं जाऊन असं वाटतं, की आपल्याकडं वेडाचा बचाव श्रीमंतांची पळवाट आहे हा समज उलटा आहे. ज्याच्याकडं पहिल्या दिवसापासूनची फाईल आहे, खासगी डॉक्टर आहे, त्याच्या बाबतीत कोर्टाला संशय येतो, की फाईल बनवलेली तर नाही. आणि कोर्टानं तसा संशय घ्यायलाच पाहिजे. पण ज्याला खरोखर काही कळत नव्हतं, त्याच्या झोपडीत एक कागद सापडत नाही. त्याचा वकील सरकारी, आई निरक्षर, आणि आई साक्षीत काय सांगणार? ‘साहेब, त्येला बाहेरचं हुतं.’ झालं. मोहरीर तेवढंच टिपून घेतो.

काकू बराच वेळ गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं हीच बातमी.

“ते सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “पर त्या कपडे धुणारीच्या आईला काय सांगायचं? तिची लेक गेली. तिला म्हणायचं जावई निर्दोष हाय?”

“निर्दोष म्हणजे… काकू, ते निकालात लिहितात ना, की कृत्य त्यानंच केलं.”

“लिहितेत. तिला वाचता येतंय का?”

नाझरसाहेबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “नाही येत,” ते म्हणाले. “आणि नातीला सांभाळायचं तिलाच असतं बहुतेक. त्याला उत्तर कलमात नाही, भागीरथी.” बायकोला नावानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

“त्या पोलिसाला कुणी आधीच रजेवर पाठवून दवाखान्यात ठेवला असता तर दोघंबी वाचली असती,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा आकडी उचलून वरची न पोचणारी शेंग ओढू लागल्या. “पर आपल्यात माणूस कामाला जातोय तवर त्येला आजारी कोण म्हणतंय?”

छायानं ओट्यावरच्या शेंगा गोळा केल्या. गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“सिस्टर, फाडलेला केसपेपर परत मिळतो का?”

“कुठला?”

“म्हणजे… कुणाचा आसंल तर. चार-पाच वर्सं झाली आसतील.”

“मिळू शकतो. दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद असते. नाव, वय, साधारण महिना, एवढं आठवलं तरी शोधता येतं. 2017च्या कायद्यानं पेशंटला आपले कागद मागायचा हक्क दिलाय, भीक नाही मागायची. पण जुना कागद नुसता कपाटात ठेवायला काढू नका. पेशंटला घेऊन या, नवा काढा, गोळ्या परत चालू होऊ द्या. यायला लाज वाटत असेल तर आधी 14416 वर फोन लावा, टेलिमानस म्हणतात त्याला, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.”

“कुणाचा गं केसपेपर?” काकू भिंतीवर पुढं वाकल्या. “धाकल्या दिराचा का? तरी मला वाटायलंच हुतं, गेल्या पोळ्याला त्यो बैलाम्होरं उगंच—”

“काकू!” सिस्टर ओरडल्या.

“आता! मी कुणाला सांगायलेय?” असं म्हणत काकूंनी शेवटची शेंग पाडली आणि पलीकडच्या भिंतीकडं वळून हाक मारली, “आगं शेवंता, शेंगा नेतीस का? ये की जरा, बोलायचंय.”